साफ पाणी आणि नामदेवचा ताण

आमच्या कामात पाणी फाटलं की आनंद व्हायचा. दूध फाटलं की घरात बाई कपाळाला हात लावते. आम्ही मात्र टाकीच्या कठड्याला टेकून पाणी कधी फाटतं याची वाट बघत उभे असायचो. पाळीवरच्या माणसानं वरून ओरडून “फाटलं” म्हटलं की खाली चहा सांगितला जायचा.

या अंकाच्या संपादकांनी मला कारखान्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. त्या लिहितोच. पण त्यांच्या पोटात एक गोष्ट आहे, ती गमतीची नाही. ती आधी ज्याची होती त्याला सांगून आलो आणि मग कागद घेतला. बायकोची तशी अटच होती. ती म्हणाली, “नामदेवभाऊले सांगा आधी. मंग मासिकाले.”

सौसरच्या बाजूला सुताला रंग देण्याचा एक कारखाना होता. आता तो नाही. त्या जागी दुसऱ्याच लोकांचा दुसरा उद्योग आहे, म्हणून नाव लिहीत नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं म्हणून मला तिथे घेतलं आणि थेट मागच्या बाजूला, घाण पाण्याच्या टाक्यांवर पाठवलं. रंगखान्यातले लोक स्वतःला कलाकार समजायचे. आम्ही त्यांचं उष्टं काढणारे. गावातले लोक मात्र मला केमिस्टबाबू म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सुती धाग्यावर रंग सहज चढत नाही. लोणचं मुरायला मीठ लागतं तसं रंग मुरायलाही मीठ लागतं, आणि तेही चिमूटभर नाही, पोत्यांनी. रंग धाग्यावर बसतो, थोडा उरतो. मीठ मात्र सगळंच्या सगळं पाण्याबरोबर बाहेर येतं. ते रंगीत, गरम, सोड्यानं बुळबुळीत झालेलं पाणी आमच्या टाकीत यायचं. आम्ही त्यात हिराकस आणि चुना घालून ढवळायचो. माप बरोबर पडलं की रंगाचे बारीक कण एकमेकांना धरायचे, त्यांचे गोळे व्हायचे, ते तळाशी बसायचे आणि वर स्वच्छ पाणी सुटायचं. हेच ते फाटणं.

पुढच्या टाकीत जिवाणू असायचे. त्यांचं काम उरलेली घाण खाण्याचं. हे जिवाणू जनावरांसारखेच. वेळेवर खाणं आणि हवा लागते, आणि एकदम काही तिखट पडलं की मरतात. सुरुवातीला त्यांना वाढवायला शेण आणि गूळ घालावा लागतो. म्हणून मी सकाळी बादली घेऊन गावात शेण मागत फिरायचो. एका म्हातारीनं विचारलं, एवढं शिकून शेवटी गोवऱ्याच थापता का, बाबू? मी सांगितलं, नाही आजी, पाण्याला खाऊ घालतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की त्यानंतर ती मला न मागता शेण द्यायची.

शेवटच्या टाकीत मॅनेजरसाहेबांनी मासे सोडले होते. पाहुणे आले, सरकारी माणूस आला की ते त्याला तिथे न्यायचे आणि म्हणायचे, “देखिए, मछली जिंदा है।” मासे जिवंत असायचे हे खरं. तेच मासे असायचे की नाही हे विचारणारा कोणी भेटला नाही. नागपूरहून येणाऱ्या गाडीत रंगाच्या डब्यांबरोबर कधीकधी पाण्याची एक पिशवीही यायची, एवढंच सांगतो.

मी यायच्या आधी मागच्या नाल्याला रोज वेगळा रंग असायचा. धुणं घेऊन येणाऱ्या बायका लांबूनच नाला बघून परत फिरायच्या. एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नाला लालभडक वाहिला. तिकडे माझ्या पांढुर्ण्यात आणि सावरगावात गोटमार, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची जत्रा, चाललेली, आणि इकडे लोक म्हणत होते की यंदा गोटमार आपल्याच नाल्यात झालेली दिसते. हसायचे, पण त्या पाण्याला हात कोणी लावायचं नाही. त्या रंगानं लोकांना वाचवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग माझं माप जमलं. बरेच महिने काचेच्या भांड्यांत हिराकस-चुन्याचे प्रयोग करत बसलो आणि एके दिवशी नाल्यात असं पाणी गेलं की तळाचे गोटे दिसले. गाव बघायला आलं. मॅनेजरसाहेब “चकाचक, एकदम चकाचक” म्हणत कठड्यावरून फिरले. त्या सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीत झेंडावंदनानंतर माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल पुंडलिकरावांनी घातली. नाल्याला लागून त्यांची संत्र्याची बाग होती, जामसांवलीच्या मारुतीचे पक्के भक्त, त्या दिवशी तिथलाच पेढा घेऊन आले होते. पेढा माझ्या हातावर ठेवून त्यांनी विचारलं, “साफ हाय ना बाबू आता पाणी?”

मी म्हणालो, “एकदम साफ.”

आमच्या कारखान्यात साफ म्हणजे रंग नाही आणि वास नाही. मिठाला आमच्याकडे औषध नव्हतं. हिराकस रंगाला धरतो, मिठाला धरत नाही. जिवाणू मीठ खात नाहीत. पाण्यात विरघळलेले क्षार किती हे दाखवणारा एक लहान मीटर माझ्या खिशात असायचा. रोज तो पाण्यात बुडवायचो, आकडा बघायचो आणि खिशात ठेवायचो. मीठ काढायची यंत्रं तेव्हा आमच्या कारखान्याच्या स्वप्नातही नव्हती, त्यामुळे त्या आकड्याबद्दल कोणी बोलायचं नाही. पुंडलिकरावांचं साफ वेगळं होतं. त्यांच्या बोलण्यात साफ म्हणजे झाडाला चालेल असं.

आठवड्याभरात त्यांचा पंप नाल्यावर बसला. मी भिंतीवरून तो पाहिला. मनात मीटरचा आकडा येऊन गेला. म्हटलं, नाल्यात पातळ होत असेल. आणि अंगावर नवी शाल होती.

त्या बागेची सगळी राखण नामदेव करायचा. माझ्याच वयाचा, उंच, बोलताना मान एका बाजूला कलती करणारा. आम्ही पौर्णिमेला सौसरच्या एकाच विहारात जायचो, जवळजवळ बसायचो. जमीन त्याची नव्हती, पण झाडांबद्दल “माही झाडं” असंच बोलायचा आणि पुंडलिकराव त्याला ते बोलू द्यायचे.

संत्र्याच्या भागातल्या लोकांना ताण म्हणजे काय हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. आंब्याच्या मोहोराबरोबर येणारा आंबिया बहर हवा असेल तर थंडीत झाडांचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, थोडी गळतात. झाडाला वाटतं आता काही खरं नाही. मग योग्य वेळी ताण तोडायचा, म्हणजे पहिलं हलकं पाणी द्यायचं, नंतर भरपूर. झाड फुलानं भरून जातं. सगळी कला वेळेत आहे. कमी ताण दिला तर फूल नाही, जास्त दिला तर झाड जातं. नामदेव रोज सकाळी पानाला दोन बोटांत धरून बघायचा आणि ताण कधी तोडायचा ते ठरवायचा. त्याच्या शब्दावर पुंडलिकरावांचं वर्ष उभं असायचं.

सत्काराच्या पुढच्या थंडीत नामदेवनं नेहमीसारखा ताण दिला. विहिरीला पाणी कमी होतं म्हणून ताण तोडला तो नाल्याच्या पाण्यानं. त्या आधीही वर्षभर अधूनमधून तेच पाणी बागेत जात होतं. पानं उठली नाहीत. लोक म्हणाले, ताण लांबला, झाड खोल गेलं, आणखी पाणी द्या. त्यांनी आणखी पाणी दिलं. पानांच्या कडा जळाल्या. पुन्हा पाणी दिलं. तहानलेल्या झाडाला खारं पाणी पाजून पाजून त्यांनी ते वाचवायची धडपड केली. असं आमच्याच भागात होऊ शकतं. ताणाची कला ज्यांना येत नाही त्यांनी पान जळलेलं बघून आधी पाण्यावर संशय घेतला असता.

मी एका सकाळी बघायला गेलो. झाडांच्या आळ्यांत, माती सुकली होती तिथे, पांढरी कड आली होती. मी वाकून चिमूट उचलली. चाखायची गरज नव्हती. रोज तो आकडा बघणारा माणूस होतो मी.

नामदेव झाडाखाली उकिडवा बसला होता. त्यानं मान वर केली आणि मला विचारलं, “बाबू, तुमी शिकलेले हा. माहा ताण लांबला का?”

मी म्हणालो, “असेल.”

साफ हा शब्द माझ्याकडून अर्धवट समजुतीनं गेला, त्याबद्दल मी स्वतःला कधीमधी माफ करतो. असेल हा शब्द समजून-उमजून गेला.

बाग काढून टाकावी लागली. पुंडलिकरावांनी नामदेवला कामावरून काढलं. शिवी दिली नाही, फक्त उद्यापासून येऊ नको म्हणाले. त्यानं नंतर कोणाच्याच संत्र्याच्या झाडाला हात लावला नाही. कापूस वेचायला गेला, जिनिंगमध्ये राहिला, मग मोहगावकडे एका गोदामावर चौकीदार झाला. गावात त्याचं नाव पडलं ताण्या. चहाच्या टपरीवर कोणाला चहा उशिरा मिळाला की लोक म्हणायचे, काय ताण्याच्या हातचा चहा आहे का. नामदेवही हसायचा. मी तिथे असलो की चहा न पिता उठायचो.

त्यानंतर मी नाल्याकाठी पाटी लावली, हे पाणी शेतीला वापरू नये म्हणून. लोक म्हणाले, केमिस्टबाबू किती काळजी करतात. आणि विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, मी आवाज खाली आणायचो. शेजारी नामदेव मात्र ते खणखणीत म्हणायचा. नंतर मी सौसर सोडून पांढुर्ण्याला घरी आलो, निवृत्त झालो, आणि पौर्णिमेला इथल्या विहारात मागच्या ओळीत बसू लागलो. सांगायला अनेक वेळा निघालो. कधी मुलीचं लग्न होतं, कधी कारखान्याचं नाव खराब होईल असं वाटलं, कारखाना बंद पडल्यावर वाटलं की आता सांगून काय उपयोग. कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर पुंडलिकरावांचा मुलगा प्रशांत घरी आला. त्यानं जुन्या बागेपासून दूर, रस्त्याकडच्या वावरात नवी बाग लावली होती आणि ती आता फळाला आली होती. बोअरचं पाणी खाली चाललं होतं. नव्या उद्योगाचं पाणी मिळतं का याची तो चौकशी करत होता. खिशातून त्यानं एक बाटली काढून टेबलावर ठेवली. तिकडचा पोरगा, तिथला केमिस्ट, त्याला म्हणाला होता की घेऊन जा आणि आधी कोणाला तरी दाखव. या पोराचं मला कौतुक वाटलं.

बाटलीतलं पाणी काचेसारखं होतं. पलीकडचं कॅलेंडर त्यातून वाचता येत होतं. प्रशांत म्हणाला, “काका, साफ हाय ना?”

अगदी बापासारखी मान पुढे केली होती त्यानं. मग मी बायकोकडून लोखंडी नको, स्टीलची कढई मागितली, पाणी तिच्यात ओतलं आणि गॅसवर ठेवलं. बायको म्हणाली आता चहाही विसरलात का, नुसतं पाणी उकळून राहिले. आम्ही तिघं उभं राहून बघत होतो. पाणी उकळलं, कमी झालं, संपलं. कढईच्या तळाला पांढरा गोल राहिला. मी गॅस बंद केला, कढई निवू दिली आणि प्रशांतला म्हटलं, बोट लाव.

त्यानं बोट लावून जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं. “खारट हाय.”

“तुझ्या वडलांची बाग यानं गेली,” मी म्हणालो. “ताणानं नाही.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला अर्धं माहीत होतं, शब्द माहीत नव्हते. तिनं कढई उचलली, आत नेली आणि आतूनच विचारलं, नामदेवभाऊ आता राहतात कुठे?

दुसऱ्या दिवशी प्रशांतच्या गाडीवर मागे बसून मी त्यांच्या गावी गेलो. मांडीवर ती शाल होती, पिशवीत घालून. बाग गेल्यापासून एका कार्यक्रमातही मी ती अंगावर घेतली नव्हती. पुंडलिकराव अंगणात खाटेवर बसलेले होते, पाय सुजलेले, कान मात्र तल्लख. प्रशांत नामदेवला त्याच्या घरून घेऊन आला. नामदेव ओट्याच्या पायरीवर बसला; बोलावलं काहून हे त्याला कळेना. शेजारचे दोघंतिघं आले, टपरीवाला आला. मला वाटलं बरं झालं. नाव ज्यांनी पाडलं ते ऐकायला हवेत.

मी सगळं सांगितलं. मिठाचं, मीटरचं, पेढ्याचं, आळ्यातल्या पांढऱ्या कडेचं. नामदेवनं काय विचारलं होतं आणि मी काय म्हणालो होतो तेही. आवाज कुठेही खाली आणला नाही. मग शाल पिशवीतून काढून पुंडलिकरावांच्या खाटेवर ठेवली.

त्यांनी ती उलगडली. उजेडाकडे धरली. मला वाटलं आता उठा म्हणतील, आणि तसं म्हणायचा त्यांना हक्क होता. शेवटी शालीला पडलेल्या भोकातून बोट बाहेर काढून म्हणाले, “हिले कसर लागली, बाबू. आता वापस देऊन राहिले?” टपरीवाल्याला हसू आलं, त्यानं ते दाबलं. मग पुंडलिकरावांचा आवाज बदलला. “बाग गेली ते गेलं. पाण्याचं मले समजलं नाई, तुमाले समजलं होतं. ह्या घरच्या माणसाले मी बागेतून काढलं ना, बाबू. बागेतून काढलं.”

नामदेव अजून तसाच बसला होता. पायरीकडे बघत होता. मला वाटलं होतं तो चिडेल. तसं मनात धरूनच गेलो होतो. त्यानं मान कलती करून मला विचारलं, “मंग ताण बरोबर होता?”

“बरोबर होता.”

“लांबला नव्हता?”

“नाही.”

त्यानं पायरीजवळची माती तळव्यानं सारखी केली. मग बोलला ते मला नाही, समोरच्या मातीला सांगितल्यासारखं. “मले वाटे म्याच मारली. एवढी झाडं. म्हणून हात लावत नव्हतो कोणाच्या झाडाले. वाटे, आपल्या हातातच काही खराबी हाय.”

मी इतकी वर्षं समजत होतो की मी त्याचं काम घालवलं आणि त्याचं नाव घालवलं. तो स्वतःला झाडं मारणारा समजून जगला हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. मी हात जोडले. त्यानं माझे हात धरून खाली केले, आणि हसला. डोळ्यांत पाणी होतं, पण हसला.

“लय लांबला, बाबू,” तो म्हणाला. “माहा नाई. तुमचा.”

यावर पहिल्यांदा पुंडलिकराव हसले, मग टपरीवाला. त्यानं सगळ्यांसाठी चहा आणला आणि कप देताना नामदेवला नामदेवभाऊ म्हणाला. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

निघताना पुंडलिकराव नामदेवला म्हणाले, “प्रशांतची बाग पाहून ये. पोराले अजून झाड समजत नाई.” नामदेव म्हणाला, पाहीन. पाणी कुठून देणार ते आधी विचारीन आणि मगच पाहीन. प्रशांतनं लगेच सांगितलं, नाल्याचं नाही, कोणाचंच नाही, शेततळं करतो. आणि ते त्यानं पावसाळ्याआधी केलं.

मी घरी आलो ती रात्र गाढ झोपलो. बायको म्हणते घोरलो. पुढच्या पौर्णिमेला विहारात पुढच्या ओळीत बसलो. चौथं शील इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्यानं वळून पाहिलं.

परवा, लिहायला बसण्याआधी, प्रशांतच्या बागेत जाऊन आलो. थंडी सुरू झाली आहे, ताण चालू आहे. झाडांची पानं खाली वळलेली, रंग उतरलेला, धुऱ्याच्या बांधावर गळलेल्या पानांचा थर. नामदेव एका झाडापाशी उभा होता, पान दोन बोटांत धरून. शेततळं भरलेलं होतं, पंप बंद होता. ती मलूल पानं बघून मला जुनी बाग दिसली. न राहवून म्हटलं, नामदेवराव, पानं फारच पडली वाटतं. जास्त तर नाही होत?

त्यानं पान सोडलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

“तुमी पाण्याचं पाहा, बाबू,” तो म्हणाला. “ताण माह्या हातात हाय.”

मी गप्प बसलो. या वेळी गप्प बसायला काही हरकत नव्हती.